चहाच्या डागाला ठिपके नसतात: आर्डुइनच्या 'पहिल्या छपाई'त माझे ६२० डॉलर कसे गेले

सरळ मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी ६२० डॉलर देऊन आर्डुइन नावाच्या खेळाच्या तीन जुन्या पुस्तिका घेतल्या, १९७७-७८ ची पहिली छपाई म्हणून, आणि हातात आल्या त्या रंगीत झेरॉक्स. पैसे परत आलेले नाहीत आणि येतील असं आता वाटत पण नाही. हे लिहितोय कारण तो माणूस अजून विकतोय, आणि आपल्यातले बरेच जण, इथे अमेरिकेत असलेले आणि पुण्या-मुंबईचे पण, हल्ली जुन्या डी अँड डी च्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या) नादाला लागलेत आणि भारतात बसून मागवणाऱ्याला तर पार्सल परत पाठवणं पण परवडत नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण फसवणूक नक्की कुठे झाली ते त्याशिवाय कळणार नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून, बोलत बोलत खेळायचा खेळ. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो काढला, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून. पहिली आवृत्ती १००० प्रतींची, लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवलेला खोका, आत तीन बारक्या पुस्तिका, किंमत १० डॉलर. आणि नियम इतके अर्धवट की प्रत्येक ग्रुपला गाळलेल्या जागा आपल्या आपण भराव्या लागायच्या. त्यातूनच मग लोकांनी स्वतःच्या पुरवण्या काढायला सुरुवात केली, घरी टाइपरायटरवर टाइप करायचं, मित्राकडून चित्रं काढून घ्यायची, गावातल्या छापखान्यात शे-पाचशे प्रती काढायच्या, मध्ये पिना मारायच्या आणि गेम्सच्या दुकानात किंवा पोस्टाने विकायच्या. १९७६ मध्ये एका नवरा-बायकोने पॅलेस ऑफ द व्हॅम्पायर क्वीन काढलं, नुसते नकाशे आणि खोल्यांचे तक्ते, तेही असंच. डिकेटर, इलिनॉयचं जजेस गिल्ड हे अशा पुरवण्या काढणारं प्रकाशन पण त्याच वर्षीचं, पण ते लवकरच मोठे झाले.

माझा जीव अडकला तो आर्डुइनमध्ये. डेव्हिड हारग्रेव्ह नावाचा माणूस, व्हिएतनाम युद्धात जाऊन आलेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणारा. त्याने स्वतःच्या ग्रुपसाठी रचलेली दुनिया १९७७ मध्ये आर्डुइन ग्रिमॉयर म्हणून छापली आणि १९७८ मध्ये अजून दोन भाग काढले, वेलकम टू स्कल टॉवर आणि रून्स ऑफ डूम. ती वाचली की कळतं की हा माणूस काही विकायला बसलेला नाही, याच्या डोक्यात इतकं साचलंय की ते कागदावर मावत नाहीये. कीटकांसारखी माणसं, भयंकर जखमांचं शंभर आकड्यांचं टेबल, कुठलाच नियम दुसऱ्याशी नीट जुळत नाही आणि तरी सगळं जिवंत. हारग्रेव्ह १९८८ मध्ये वारला, पन्नाशी पण गाठली नाही त्याने. नंतर अधिकृत पुनर्मुद्रणं निघाली, पण ती जुनी हातात मावणारी पुस्तिका वेगळीच.

आता मला ती का हवी होती ते. शिकागोजवळ शॉमबर्गला राहतो मी, आणि आमच्या शुक्रवारच्या ग्रुपचे डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) हे एक अमेरिकन गृहस्थ आहेत, मी त्यांना नावाने हाक मारतो पण मनात मात्र काका म्हणतो. मी इथे नवीन होतो, ऑफिस आणि घर याशिवाय कोणी ओळखीचं नव्हतं, तेव्हा लायब्ररीतल्या बोर्डावरची चिठ्ठी बघून गेलो आणि या माणसाने मला पहिल्या दिवशी शेजारी बसवून फासे दिले. ते १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात कॉलेजला होते, तिथे आर्डुइन खेळायचे, त्यांच्याकडे तिन्ही पुस्तिका होत्या आणि त्या बेसमेंटमध्ये पाणी शिरून गेल्या. ही गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, पण सांगताना ज्या तऱ्हेने थांबले ते माझ्या लक्षात राहिलं. नोव्हेंबरमध्ये त्यांची सत्तरी होती. मी ठरवलं की तिन्ही भाग, पहिल्या छपाईचे, शोधायचे आणि त्यांना द्यायचे. तारीख ठरलेली होती म्हणजे घाई होती, आणि घाई आहे हे मी त्या विकणाऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पुढचं सगळं तिथून सुरू झालं असं मला वाटतं.

तर विकणारा. नाव लिहीत नाही, जे नाव त्याने मला सांगितलं ते खरं असण्याची शक्यता पण नाही. इंग्लंडमध्ये राहतो आणि स्वतःचा संग्रह कमी करतोय असं म्हणाला. त्याच्याकडून मी उन्हाळ्यात दोन छोट्या गोष्टी घेतल्या होत्या, एक ऐंशीच्या दशकातलं फॅनझीन (चाहत्यांनी काढलेला छोटा अंक) १८ डॉलरला आणि एक नकाशांचा संच २५ ला, आणि दोन्ही अस्सल होत्या, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये नीट बांधून आल्या, आत हाताने लिहिलेली चिठ्ठी. गप्पा पण छान मारायचा. हारग्रेव्हबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पहिल्या छपाईत एरॉल ओटस या चित्रकाराची चित्रं होती आणि नंतरच्या छपायांत ती बदलली, हे ओळखायची खूण म्हणून त्यानेच मला आपणहून सांगितलं, आणि म्हणाला की माझ्या प्रतीत ओटसच आहे, बघून घे. फोटो पाठवले, एकूण अकरा. कव्हरच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात कपाचा अर्धगोल डाग, पिनांजवळ गंज, कव्हरचाच कोपरा दुमडून परत सरळ केलेला. सगळं अगदी जसं पन्नास वर्षांच्या वस्तूचं असावं तसं. मी ती चित्रं ओळखीच्या फोटोंशी जुळवली, बरोबर जुळली, आणि मला वाटलं की मी नीट तपासलंय.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो जी मला तेव्हा सुचली नाही. संग्राहक लोक ज्या खुणा सांगतात ना, की पहिल्या छपाईत अमुक चित्र, दुसरीत तमुक पत्ता, तिसरीत किंमत वेगळी, त्या सगळ्या खुणा एका खऱ्या छपाईपासून दुसरी खरी छपाई ओळखायला आहेत. नकलेपुढे त्यांचा काही उपयोग नाही, कारण नक्कल ही पहिल्या छपाईचीच केलेली असते. चुका सुद्धा जशाच्या तशा येतात. मजकूर आणि चित्रं बघून काहीच कळत नाही. वस्तू बघावी लागते, कागद, शाई, पिना, आणि ती फोटोत नीट दिसत नाही.

पैशांचं असं झालं की तो म्हणाला साइटवरून घेतलं तर मला मोठं कमिशन जातं, त्यापेक्षा थेट दे, तुला ७०० चे ६२० ला देतो, आणि पेमेंट अ‍ॅपमध्ये 'फ्रेंड्स अँड फॅमिली' निवड म्हणजे तिथली पण फी वाचेल. मी त्याच्याकडून दोनदा घेतलेलं होतं, माणूस गोड बोलणारा होता, आणि मी पाठवले, तेही क्रेडिट कार्डावरून नाही तर बँकेतल्या बॅलन्समधून. आता नीट ऐका, हा पर्याय घरच्यांना, मित्रांना पैसे देण्यासाठी असतो, त्यात खरेदीचं संरक्षण शून्य. अ‍ॅपच्या हिशोबाने तुम्ही वस्तू घेतलेलीच नसते, तुम्ही भेट दिलेली असते. नंतर तक्रार केली तेव्हा मला हेच उत्तर मिळालं, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे ते चूक पण नाही. दोन-तीन टक्के फी वाचवायला सांगणारा माणूस खरं तर तुम्हाला तुमची एकमेव दोरी कापायला सांगत असतो.

पार्सल वेळेत आलं, वाढदिवसाच्या नऊ दिवस आधी. उघडलं, बघितलं, मला खूप आनंद झाला, हे लपवत नाही. त्या रात्री मिरजेला मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांचा छापखाना होता, आधी खिळे जुळवायचे, मग ऑफसेट आलं, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, कारखान्याचे अहवाल, चाळीस वर्षं हेच केलं त्यांनी आणि लहानपणी सुट्टीत मी तिथेच पडलेला असायचो. मला वाटलं, जुनी छपाई आहे, त्यांना बघायला आवडेल. मी पान कॅमेऱ्यापुढे धरलं, ते गप्प बसले, मग म्हणाले, "जरा तिरकं धर रे, दिव्याकडे." धरलं. "अक्षरं चमकतायत की." मी म्हटलं, मामा, चांगली शाई असेल. ते म्हणाले, "ऑफसेटची शाई कागदात मुरते, अशी वर बसत नाही. तुझ्याकडे भिंग आहे काय?"

मुलीच्या सायन्स किटमधलं भिंग आणलं, फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरलं. अक्षरांच्या आजूबाजूला काळी धूळ उडाल्यासारखे बारीक कण होते. "हा टोनर, झेरॉक्स मशीनची पूड," मामा म्हणाले, "आता त्या डागाला लाव." मी कव्हरवरच्या कपाच्या डागावर भिंग ठेवलं आणि तो डाग नव्हताच. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके, एकाशेजारी एक, ओळीने. मामा एवढंच म्हणाले, "चहाच्या डागाला ठिपके असतात काय रे?"

मला पुढचा अर्धा तास आठवतो तो असा की एकेक गोष्ट दिसत गेली आणि प्रत्येक वेळी वाटायचं की ही तर समोरच होती. पिना नव्या होत्या, चकचकीत, आणि गंज मात्र छापलेला, तोही पिनेपासून तीन-चार मिलिमीटर बाजूला सरकलेला, म्हणजे खऱ्या पुस्तकाच्या पिना जिथे होत्या तिथे. दुमडलेल्या कोपऱ्याची रेघ दिसत होती पण बोट फिरवलं तर लागत नव्हती, ती पण छापलेली. आणि मग मामांनी पट्टी लावायला सांगितली. अमेरिकेत कागद लेटर साइजचा असतो, साडेआठ बाय अकरा इंच, तो अर्धा दुमडला की पुस्तिकेची उंची साडेआठ इंच येते, म्हणजे जवळपास २१६ मिलिमीटर. माझी भरली २१०. बरोबर २१०, तिन्हींची. ए-फोर कागद मधोमध दुमडला की उंची २१० च येते, आपल्याकडे आणि युरोपात सगळीकडे तोच कागद. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात कोण ए-फोरवर छापणार? रुंदी त्याने कापून बरोबर केली होती, पण उंची वाढवता येत नाही, म्हणून मजकूर किंचित लहान करून बसवला होता, आणि म्हणूनच तो छापलेला गंज पिनेवर नीट आला नाही.

मामांनी शेवटी विचारलं की किती दिलेस, मी खोटं सांगितलं. त्यांना खरा आकडा सांगायची हिंमत झाली नाही, रुपयात तो पन्नास हजारांच्या वर जातो.

दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याला फोटोंसकट लिहिलं. पहिलं उत्तर आलं की तुझी नजर अजून तयार नाही, त्या काळात बऱ्याच पद्धतींनी छापायचे. मी २१० चा आकडा दिला तेव्हा दोन दिवस गप्प. मग एकदम सूर बदलला, फार वाईट वाटलं, मला पण कोणीतरी फसवलं असणार, तू पुस्तकं परत पाठव, मिळाली की पूर्ण पैसे देतो. आणि पत्ता दिला. मी पार्सल बांधायला पण घेतलं होतं. मग काकांना फोन केला, कारण आता वाढदिवसाला काय आणि कसं द्यायचं हा पण प्रश्न होता, आणि सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले की पाठवू नकोस, तुझ्याकडे एवढा एकच पुरावा आहे आणि तो तू त्याच्याच हातात द्यायला निघालायस, आधी पैसे मग पुस्तकं, आणि ते कबूल नसेल तर उत्तर तुला मिळालंच. मी तसं लिहिलं. त्यानंतर त्याच्याकडून एक शब्द नाही, अकाउंट पण बंद.

तक्रारी केल्या. एफबीआयचं इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रारींचं पोर्टल आहे, आयसीथ्री, तिथे भरली, बँकेला कळवलं, पेमेंट अ‍ॅपला कळवलं. कुठूनच काही हाती लागलं नाही, पण तरी भरा, कारण एकाच माणसाविरुद्ध चार तक्रारी जमल्या तर निदान कोणीतरी उघडून बघेल. आणि मी एकटा नाहीये. शोधत गेलो तेव्हा जर्मनीतला एक जण भेटला, त्याला त्याच डागाचं ग्रिमॉयर विकलेलं, तीन महिने आधी. म्हणजे दोघांच्या घरी एकाच कपाचा डाग. आणि मग एका जुन्या लिलावाचे फोटो सापडले, काही वर्षांपूर्वीचे, तिथे तोच डाग, तोच दुमडलेला कोपरा, म्हणजे मला पाठवलेले अकरा फोटो त्याचे नव्हतेच. खरी प्रत कधीच दुसऱ्या कोणाकडे गेलेली. एवढी दहा मिनिटं मी आधी काढली असती, फोटो टाकून उलटा शोध घेतला असता, तर हे सगळं तिथेच संपलं असतं.

आता मी काय करतो ते सांगतो, ज्याला पटेल त्याने घ्यावं. विकणाऱ्याला नवीन फोटो मागतो, मधलं पान उघडून, त्याच्या शेजारी आजची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी आणि एक पट्टी ठेवून, उंची दिसेल अशी. पिनांचा जवळून फोटो, आतून आणि बाहेरून. पान दिव्याखाली तिरकं धरून एक छोटा व्हिडिओ. ज्याच्याकडे वस्तू खरंच आहे त्याला याला पाच मिनिटं लागतात, आणि जुने संग्राहक तर खुशीने करतात, उलट त्यांना बरं वाटतं की कोणीतरी विचारलं. पुस्तक हातात आलं की कडा बघतो, जुना कागद कडेकडून आत पिवळा पडत जातो कारण हवा कडेला लागते, सगळं पान सारखंच तपकिरी असेल तर मला शंका येते. यूव्ही (अतिनील) दिव्याचा उपाय बरेच जण सांगतात, की कागद चमकला तर नवा, त्यावर एकट्यावर जाऊ नका, कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची ती रसायनं सत्तरच्या दशकात पण वापरात होती, खरी प्रत पण चमकू शकते. पट्टीचं पण तसंच, २१६ भरलं म्हणजे खरं असं नाही, अमेरिकेत बसून नक्कल केली तर उंची बरोबरच येणार. भिंग मात्र दहा डॉलरचं मिळतं, घ्या.

आणि ज्यांना नुसतं खेळायचंय, वाचायचंय, त्यांनी पहिल्या छपाईच्या मागे लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. अधिकृत पुनर्मुद्रणं बघा, जुन्या पद्धतीचे नवे नियम बघा, ओस्रिक २००६ पासून फुकट मिळतं, स्वोर्ड्स अँड विझर्ड्री आहे, आणि आज स्वतः लिहून स्वतः छापणारे कितीतरी लोक आहेत ज्यांना तुमचे १० डॉलर मिळाले तर पुढचा अंक निघतो. मार्चमध्ये लेक जिनिव्हाला गॅरीकॉन नावाचं अशा खेळांचं संमेलन भरतं, मला इथून तासाभराचा रस्ता, तिथे जुनी पुस्तकं समोर टेबलावर हातात घेऊन बघता येतात. शक्य असेल त्याने महागाची वस्तू अशीच घ्यावी.

मला सगळ्यात जास्त राग पैशांचा नाही. ही पुस्तकं थोडी छापली गेली, त्यातली पुरात गेली, आईंनी रद्दीत दिली, खेळून खेळून फाटली, जी उरलीत ती कोणीतरी सांभाळली म्हणून उरलीत. त्यात अशा नकला मिसळत गेल्या की पुढच्या माणसाला खऱ्या प्रतीवर पण विश्वास ठेवता येत नाही. माझ्याकडच्या तिन्हींच्या प्रत्येक पानावर मी लाल मार्करने 'नक्कल' लिहिलंय, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही, म्हणजे माझ्यानंतर त्या कोणाच्या हातात गेल्या तरी परत विकल्या जाणार नाहीत. लिहिण्याआधी सगळ्या पानांचे फोटो काढून तक्रारीला जोडले.

काकांना वाढदिवसाला मी काहीच नेलं नाही, नुसता गेलो. बायकोने पुरणपोळ्या करून दिल्या होत्या तेवढ्या नेल्या.

आणि हे लिहायला बसलो त्याचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात तोच डाग परत दिसला. नाव वेगळं, देश वेगळा सांगितलाय, फक्त पहिला भाग, २४० डॉलर, आणि खाली लिहिलंय की थेट पैसे दिले तर स्वस्तात. खूण लक्षात ठेवा: कव्हरचा उजवा खालचा कोपरा, अर्धगोल डाग, वरच्या टोकाला थोडा तुटलेला, आणि त्याच्या बरोबर वर दुमडलेल्या कोपऱ्याची तिरकी रेघ. दिसला तर पैसे पाठवू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मला कळवा, मी जर्मनीवाल्याला आणि तक्रारीच्या फाइलला जोडतो.